पाठमोऱ्या दोघी

३ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की... असं लिहायची आपली पद्धत, म्हणून लिहिलं. कारण तसं काहीच नाही. माझं अक्षर बघून पाकीट फाडून टाकलं नाहीस, एवढ्यावर मी खूश आहे.

फोन का केला नाही, असं म्हणशील. मागच्या वेळी फोन कुणी आपटला होता, आठवतंय ना? बरं, तू आपटलास, पण मी आपटायला लावला, हेही खरं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या शहराला एकमेकांशी जोडून दिलं, आणि सख्ख्या बहिणीचा नंबर फिरवायचा तर अर्ध्यातच रिसीव्हर खाली ठेवते. त्यापेक्षा पत्र बरं. निदान शेवटपर्यंत बोलून तरी होतं.

मी बरी आहे. साखर वर-खाली होत असते, गुडघे आपापल्या मर्जीने चालतात. हे म्हाताऱ्यांचं होम ठीक आहे. सकाळी फिनेलचा वास, दुपारी उकडलेल्या भाजीचा, संध्याकाळी परत फिनेलचा, त्यामुळे घड्याळ बघावं लागत नाही. जेवणात मीठ कमी, कारण दोघांतिघांना चालत नाही. गोड तर नाहीच, कारण मला चालत नाही, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या मला. इथे मला 'खिडकीच्या आजी' म्हणतात. जेवायच्या टेबलाशी माझी खुर्ची खिडकीजवळ आहे ना, म्हणून. सगळ्यांनाच खुर्चीवरून नावं पडली आहेत. तू मला लवंगी म्हणायचीस, ते इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, हो हो, शोभतं.

सून कशी आहे? नातू बोलायला लागला असेल. त्याला सांग, तुझ्या आजीला एक थोरली बहीण आहे, जरा खाष्ट आहे, पण चावत नाही.

आमचं सगळं करते ती मावशी. पन्नाशीची असेल. आधी भांडी घासायला होती, आता अंघोळी, कपडे, औषधं, सगळं तिच्याच गळ्यात. हात मऊ आहे तिचा. केस विंचरते तर झोप येते मला.

माझ्या खोलीत मास्तरीणबाई होत्या, त्यांच्याबद्दल तुला सांगायचं राहिलं. तीन वर्षांत तुला काहीच सांगितलं नाही म्हणा. शाळेत भूगोल शिकवायच्या. पलंगावर बसल्या बसल्या माझ्याकडून जगातल्या नद्या पाठ करून घ्यायच्या आणि चुकले की 'पुन्हा' म्हणायच्या. या वयात मला कुणी पुन्हा म्हणणारं भेटलं, याचं मला बरं वाटायचं. गेल्या महिन्यात गेल्या. वय झालं होतं. इथे माणसं जातातच, त्यात नवल काही नाही. पलंग अजून रिकामा आहे, त्या बाजूला तोंड करून मला झोपवत नाही.

पुढच्या आठवड्यात सरकारी तपासणी आहे, नेहमीचीच. म्हणून भिंतींना रंग देणं चाललंय. त्या वासाने डोकं धरलंय, तेव्हा आता आवरतं घेते.

हो, एक विचारायचं होतं. तुझी मागची खोली, जिच्यात शिवणाचं मशीन होतं, ती अजून तशीच आहे का? सहज विचारलं. कळव, नाही तर नको कळवूस.

तुझी थोरली बहीण


१२ फेब्रुवारी

चिमे,

तुझं कार्ड मिळालं. 'पत्र मिळालं. मशीन विकलं. तब्येत जप.' अगं, विजेच्या बिलावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो! मशीन विकलं म्हणजे खोली रिकामी झाली, की तिथे दुसरं काही आलं, यातलं काहीच कळेना. पण 'तब्येत जप' हे मात्र तू लिहिलंस. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कार्ड उशीखाली ठेवलंय, हस हवं तर.

आता ऐक. मागच्या पत्रात मी तुझ्याशी धडधडीत खोटं बोलले. मास्तरीणबाई वय झालं म्हणून गेल्या नाहीत. त्या माझ्या गोळीने गेल्या. तपासणीही नेहमीची नाही, त्याच्यासाठीच आहे.

पूर्वी इथे एक सिस्टर होती, शिकलेली नर्स. गोळी देण्याआधी ती रोज प्रत्येकाला नाव विचारायची. 'आजी, नाव सांगा.' मी म्हणायचे, 'कालचंच.' पण ती हटायची नाही. नाव वदवून घ्यायची, पाकिटावरचं वाचायची आणि समोर उभी राहून गिळायला लावायची. मला वाटायचं, काय हा छळ! मग ती नोकरी सोडून गेली. साहेबांनी, म्हणजे इथल्या मॅनेजरने, दुसरी आणली नाही. गोळ्यांचा ट्रे मावशीच्या हातात दिला.

मावशीला वाचायला वेळ लागतो, आणि गोळ्यांची नावं तर तुला-मलाही धड वाचता येणार नाहीत. तिला कुणी काही शिकवलं नाही, म्हणून तिने आपल्या डोक्याने युक्ती काढली. खुर्चीवर गोळ्या. खिडकीजवळच्या खुर्चीपुढच्या वाटीत माझ्या, शेजारच्या वाटीत मास्तरीणबाईंच्या, असं टेबलभर. साहेब खूश झाले. आम्हाला एवढंच सांगण्यात आलं की खुर्च्या बदलायच्या नाहीत. का, ते कुणी सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, शिस्त असेल.

त्या दिवशी मास्तरीणबाईंची मुलगी भेटायला येणार होती. माझ्या खुर्चीतून फाटक दिसतं. म्हणाल्या, 'आजच्या दिवस तिथे बसू द्या ना, ती येताना दिसेल.' मी आधी नाक मुरडलं, माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मग म्हटलं, बसा, पण आजच्याच दिवस हं. त्या एवढ्या खुलल्या की मलाच लाज वाटली.

नेमका स्वयंपाकी आला नव्हता. मावशी वाट्या मांडून स्वयंपाकघरात पळाली होती. मी बाईंच्या खुर्चीत बसले. माझ्यापुढच्या वाटीत माझी नेहमीची पिवळट गोळी नव्हती, दोन पांढऱ्या होत्या. बघितलं मी ते. वाटलं, डॉक्टरांनी बदलल्या असतील. काही विचारलं की 'किती कटकट करता हो आजी' ऐकावं लागतं, म्हणून गुपचूप गिळल्या. शेजारी बाईंनी माझी गिळली. डोळे फाटकाकडे, वाटीत काय आहे ते बघतंय कोण!

मुलीला उशीर झाला. तिच्या वाटेकडे डोळे लावून बाईंनी नाश्त्याला हातही लावला नाही. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम सुटला. मला म्हणाल्या, 'तास संपला का?' मी हाका मारल्या. मावशी धावत आली, वारा घातला, कपाळ पुसलं, म्हणाली, 'उकडतंय त्यांना, पडू द्या जरा.' तिने त्यांना खोलीत नेऊन नीट निजवलं. पांघरूण घातलं. तिला जेवढं येत होतं तेवढं सगळं तिने केलं.

चिमे, तो घाम माझ्या ओळखीचा होता. साखर उतरली की मला असाच सुटतो. त्यासाठी माझ्या पिशवीत कायम साखरेच्या पुड्या असतात. पण बाईंना साखरेचा आजारच नव्हता, मग साखर उतरेल कशी, असं माझ्या मनाने ठरवलं आणि मी पिशवीला हात लावला नाही. पिशवी मांडीवर होती गं माझ्या.

मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं, आई झोपली आहे, जरा बसा. ती बिचारी बाहेर बाकावर बसून राहिली, हातातली फळं मांडीवर घेऊन. आत आई शुद्धीवर नव्हती. हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथे त्यांनी विचारलं, यांना साखरेचं औषध कुणी दिलं? मुलीने तक्रार केली. ती केली नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

काल साहेब माझ्या खोलीत आले. स्वतःच्या हाताने चहा घेऊन आले, तिथेच मला शंका आली. म्हणाले, 'आजी, बाई कधीकधी तुमच्या डब्यातून गोळ्या घ्यायच्या ना? विसरभोळ्या होत्या बिचाऱ्या.' मी म्हटलं, 'त्यांना जगातल्या नद्या उगमापासून पाठ होत्या.' ते हसले. म्हणाले, 'तसं नसेल तर मग मावशीची चूक. आम्ही तर सगळ्यांना प्रशिक्षण दिलंय, फोटो आहे भिंतीवर.' मग माझ्या पलंगाच्या कडेला टेकले आणि अगदी मायेने म्हणाले, 'बघा, होम बंद झालं तर बाकीच्यांना त्यांची माणसं येऊन घेऊन जातील. तुमचं काय होणार? तीन वर्षांत तुम्हाला भेटायला आलेलं मी कुणाला पाहिलं नाही.'

मला तोंडात मारल्यासारखं झालं. चहा तसाच राहिला.

आता त्या फोटोचं सांगते, म्हणजे तुला कळेल मी कशात अडकले आहे. ऑफिसच्या भिंतीवर हा एवढा मोठा, चौकट करून लावलाय. वर 'औषध सुरक्षा प्रशिक्षण' असा फलक, फळ्याजवळ खडू घेऊन साहेब, आणि त्यांच्यापुढे पांढरे ॲप्रन घातलेली माणसं, कॅमेऱ्याकडे पाठ करून ओळीने बसलेली. आमच्याकडे नोकरमाणसं इनमीन चार. खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या, तेव्हा साहेबांनी ज्यांना धड बसता येतं अशा आम्हा म्हाताऱ्यांना ॲप्रन चढवले. फोटोवाला म्हणाला, चालेल, पाठच दिसणार आहे. आम्हाला काय मजा वाटली! मास्तरीणबाई म्हणाल्या, 'जन्मभर फळ्यापुढे उभी होते, आज समोर बसायला मिळालं.' मी म्हटलं, 'मागच्या बाकावर बसू, टवाळक्या करू.' हसून हसून आमच्या पाठी हलत होत्या आणि तो ओरडत होता, 'आज्या, हलू नका!' फोटो झाला, बिस्किटं मिळाली, ॲप्रन काढून घेतले. साहेबांनी फळ्यावर काय लिहिलं होतं, सांगू? फक्त तारीख. मावशी माझ्या पुढच्याच खुर्चीत होती. तिने मला नंतर विचारलं, 'आजी, आता मला काय काय आलं म्हणायचं?' आम्ही त्यालाही हसलो.

उद्या तपासणी. खरं बोलले तर डोक्यावरचं छप्पर जाईल. खोटं बोलले तर मेलेल्या बाईंना चोर ठरवायचं, नाही तर मावशीला एकटीला पुढे ढकलायचं. आणि तू मशीन विकलंस.

पत्र आत्ताच टाकायला देते, नाही तर फाडून टाकीन.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

चिमे,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाचा दोष असेल असं मी धरून चालले आहे. मला तसंच धरू दे.

झालं सगळं. तपासणीच्या बाई आल्या. लहानखुऱ्या, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. साहेबांनी नव्या रंगाच्या भिंती दाखवल्या, त्यांनी तिकडे बघितलंही नाही. सरळ जेवायच्या खोलीत आल्या आणि मावशीला विचारलं, 'गोळी देण्याआधी माणसाला काय विचारायचं असतं?'

मावशी म्हणाली, 'पाणी गार हवं की कोमट?'

कुणी हसलं नाही. अगं, ती खरंच विचारायची ते. प्रत्येकाला, रोज. तिच्या मनाने ती सगळं बरोबर करत होती. बाईंनी पुढे विचारलं, 'घाम सुटला, बोलणं अडखळलं, तर काय करायचं?' मावशी माझ्याकडे बघायला लागली. तिला आत्ता कळत होतं की त्या दिवशी काहीतरी करायला हवं होतं आणि ते तिला माहीत नव्हतं. तिचं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

साहेब दारात उभे होते. म्हणाले, 'मॅडम, या आजींना विचारा. त्या एकाच खोलीत होत्या. मास्तरीणबाई स्वतःच गोळ्या...'

मी म्हटलं, 'आधी मला माझं नाव विचारा.'

बाईंनी विचारलं. मी वडिलांच्या नावासकट सगळं सांगितलं, चांगलं मोठ्याने. मग खुर्च्यांचं सांगितलं, वाट्यांचं सांगितलं, दोन पांढऱ्या गोळ्यांचं सांगितलं, माझ्या पिशवीतल्या पुड्यांचंही सांगितलं. साहेब म्हणाले, 'आजींचं वय झालंय, आणि मॅडम, प्रशिक्षण झालेलं आहे.' तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, 'चला, मी प्रशिक्षण घेताना कशी दिसते ते बघा.' आणि काठी टेकत पुढे निघाले. ऑफिसपर्यंत कुणाचा हात धरला नाही.

फोटोपुढे उभं राहून मी बोट ठेवलं. म्हटलं, 'मागच्या ओळीत हा अंबाडा माझा.' बाई म्हणाल्या, 'जरा पाठ करता का?' मी पाठ केली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्या 'हं' म्हणाल्या. मी वळले आणि शेजारच्या पाठीवर बोट ठेवलं. कापलेले केस, हसताना वर गेलेला एक खांदा. म्हटलं, 'या मास्तरीणबाई. औषध कसं द्यावं ते शिकायला बसल्या आहेत.'

तिथल्याच खुर्चीत बसले आणि रडले, गेल्या कित्येक वर्षांत रडले नव्हते तशी. तपासणीच्या बाईंनी पाणी दिलं. स्वतःच खिळ्यावरून फोटो काढला आणि पिशवीत घातला. मी म्हटलं, 'काम झालं की मला द्याल का?' आमच्या दोघींचा एवढा एकच फोटो आहे, आणि त्यात आमची तोंडं नाहीत. त्या म्हणाल्या, 'आता तो पुरावा आहे आजी, मिळणार नाही.' मग जरा थांबून म्हणाल्या, 'त्यांच्या मुलीला मी सांगेन.' काय सांगणार, ते मी विचारलं नाही.

चांगलं झालं का, म्हणून विचारशील तर मला माहीत नाही. साहेबांवर कारवाई होईल म्हणतात. होईल तेव्हा होईल. मावशीला त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. तपासणीच्या बाई म्हणाल्या होत्या, हिला नीट शिकवा, शिकल्याशिवाय औषधांना हात लावू देऊ नका. पण शिकवायचे कष्ट घेतंय कोण, काढणं सोपं. ती निरोप घ्यायला आली. म्हणाली, 'आजी, तुम्ही खरं बोललात, माझी तक्रार नाही. पण बाई माझ्या हातून गेल्या, हे मी आता कुठे ठेवू?' मी म्हटलं, 'तुझ्या एकटीच्या हातून नाही गं, माझीही पिशवी होती.' पण त्याने तिचं काय होणार? जाताना सवयीने माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करून गेली.

होम महिनाअखेरीला बंद होणार. रोज कुणाचा तरी मुलगा, कुणाची भाची येते, बॅगा निघतात. टेबलावर आता आम्ही तिघंच उरलो आहोत, तरी बसतो आपापल्या खुर्चीतच. ज्यांचं कुणी नाही, त्यांना सरकार दूर कुठेतरी एका मोठ्या हॉलमध्ये हलवणार आहे. तिथे गोळ्या कोण देतं, मी विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. मी घाबरले आहे, चिमे. मरणाला नाही. कुणीतरी वाटी पुढे सरकवेल आणि मी पुन्हा न विचारता गिळीन, याला.

तू मला घरी बोलवत होतीस तेव्हा मी म्हटलं होतं, तुझ्या सुनेच्या संसारात अडगळ व्हायला मला वेळ नाही. वर हसलेही होते. ते चुकलं. हात अडत होता, पण लिहिलं. सुनेलाही वाचून दाखव. मला खोली नको, मशीन ठेवलं होतंस तेवढा कोपरा पुरे. औषधं माझी मी घेईन. तू फक्त जवळ उभी राहा आणि काय गिळतेयस म्हणून विचार. मी चिडले तरी विचार.

इथला कारकून रोज येतो आणि म्हणतो, 'आजी, कुणाला कळवायचं? नंबर सांगा.' हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांना म्हणत आले. तुझा नंबर मला पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण मी त्याला म्हणते, आठवत नाही बाबा, उद्या ये. कारण तो फिरवेल, तू उचलशील, आणि माझं नाव ऐकून तू काय करशील, ते मला इथे त्याच्या तोंडाकडे बघत कळायला नको. बाकी सगळं सोसेन, तेवढं नाही.

महिनाअखेरीच्या आत दोन ओळी टाक. तुझ्या त्या कार्डासारख्या चालतील.

त्याला नंबर सांगू का गं?

तुझी
लवंगी